कोणत्या चुकीला कोणते सेटिंग: हात थरथरत असताना, एकाच हाताने किंवा शिफ्ट हुकत असताना नीट टाइप कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोटांना कंप आहे, दोन कळा एकदम दाबणे जड जाते, एखादे अक्षर दोनदा तर एखादे दहादा उमटते, आणि लिहिण्यापेक्षा लिहिलेले दुरुस्त करण्यातच अधिक वेळ जातो. यासाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागेल, की आहे त्याच संगणकात काही करता येईल?

आहे त्याच संगणकात बरेच काही करता येते आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. स्टिकी कीज (शिफ्टसारखी कळ धरून न ठेवता वापरणे), फिल्टर कीज (नकळत पडलेले दाब गाळणे), टॉगल कीज (कॅप्स लॉकसारख्या कळांना आवाज देणे) या सोयी विंडोज ९५ पासून विंडोजमध्येच आहेत. त्यांचे मूळ काम अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये झाले होते, आणि ते याच अडचणी असलेल्या माणसांसाठी झाले होते. मॅक आणि लिनक्समध्येही त्यांची भावंडे आहेत. मात्र बहुतेक लोक सेटिंग्जमधले ॲक्सेसिबिलिटीचे, म्हणजे अशा सोयींचे, पान उघडून दिसेल ते सगळे एकदम चालू करतात. मग कीबोर्ड मेल्यासारखा वागू लागतो आणि पाच मिनिटांत सगळे पुन्हा बंद होते. यातले प्रत्येक सेटिंग एकाच प्रकारच्या चुकीवरचा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारच्या चुकीला ते लावले तर टायपिंग सुधारत नाही, उलट बिघडते. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी आपली चूक कोणत्या जातीची आहे ते बघा.

नोटपॅडसारखा साधा प्रोग्रॅम उघडा, आणि त्यात आपोआप दुरुस्ती चालू असेल तर ती बंद करा. कुठलाही १५० शब्दांचा उतारा नेहमीच्या वेगाने टाइप करा आणि बॅकस्पेसला अजिबात हात लावू नका. मग चुका वेगवेगळ्या मोजा. एकच अक्षर फक्त दोनदा आले असेल तर बोट उचलले गेले आणि कंपामुळे पुन्हा आदळले. एकच अक्षर रांगेने पाच-दहा वेळा आले असेल तर बोट वेळेत उचललेच गेले नाही. या दोन्ही चुका कागदावर सारख्या दिसतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. शेजारच्या कळेवरचे अक्षर मध्येच घुसले असेल तर बोट जाता जाता तिला घासले आहे. आणि शिफ्टचे अक्षर साधे उमटले, किंवा साधे हवे तिथे शिफ्टचे आले, तर ती दोन कळांचा मेळ न बसल्याची चूक.

इथेच आणखी एक गोष्ट तपासा. दुहेरी अक्षर नेहमी एकाच कळेवर येते का? तसे असेल तर दोष हाताचा नसून त्या कळेखालच्या संपर्काचा असण्याची शक्यता जास्त. दुसरा कीबोर्ड जोडून तोच उतारा पुन्हा टाइप केला की उत्तर मिळते. हाताच्या कंपाने येणारी दुहेरी अक्षरे कीबोर्डभर विखुरलेली असतात.

आता एकेक चूक घेऊ. सगळ्यात सोपी म्हणजे रांगेने येणारी अक्षरे. कळ दाबून धरली की संगणक थोडा वेळ थांबतो आणि मग तेच अक्षर भराभर उमटवू लागतो. हा थांबण्याचा वेळ वाढवायचा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल उघडून लहान आयकॉन दिसतील अशी मांडणी निवडा आणि 'कीबोर्ड'वर जा. तिथे 'रिपीट डिले'ची पट्टी आहे. तिच्या चार पायऱ्या साधारण पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत जातात. ती 'लाँग'च्या टोकाला न्या. त्याखालची 'रिपीट रेट'ची पट्टी 'स्लो'कडे सरकवा. बऱ्याच जणांचे काम एवढ्यावरच भागते. एक सेकंदही अपुरा पडत असेल तर फिल्टर कीजच्या तपशिलात (तिथे कसे जायचे ते पुढे येते) 'रिपीट कीज' आहे, तिथे अक्षरांची पुनरावृत्ती पूर्णच थांबवता येते. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जच्या 'कीबोर्ड' पानावरच 'डिले अंटिल रिपीट' आणि 'की रिपीट रेट' या दोन पट्ट्या मिळतात.

पुनरावृत्ती पूर्ण थांबवली की बॅकस्पेस दाबून धरून ओळ पुसता येत नाही. त्याऐवजी कंट्रोल आणि बॅकस्पेस वापरा, मागचा अख्खा शब्द जातो. मराठीत हे विशेष उपयोगी पडते, कारण साधा बॅकस्पेस एका फटक्यात एकच खूण खोडतो. 'क्ष' पुसायला तीन फटके लागतात: ष, हलन्त आणि क. लांबलेल्या कळेचे मराठीतले लक्षणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. काना किंवा वेलांटी दोनदा पडली की बहुतेक फॉन्टांत तिथे ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. अनुस्वार दोनदा पडला तर काही फॉन्टांत तो नजरेला जाणवतही नाही, पण नंतर तो शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही.

फक्त दोनदा उमटणाऱ्या अक्षरांवरचा उपाय म्हणजे बाउन्स कीज. एखादी कळ सोडल्यावर ठरावीक वेळात तीच कळ पुन्हा दाबली गेली तर संगणक तिकडे दुर्लक्ष करतो. दुसरी कळ मात्र लगेच स्वीकारली जाते, त्यामुळे एकंदर वेग फारसा पडत नाही. म्हणून कंप असलेल्या हातांसाठी पहिला प्रयोग याच सेटिंगचा करावा. विंडोज ११ मध्ये विंडोज कळ आणि यू दाबून ॲक्सेसिबिलिटी उघडा, 'कीबोर्ड'मध्ये जा आणि 'फिल्टर कीज' बघा. बाउन्स कीज त्याच्याच पोटात आहे. तपशिलाचे आकडे कंट्रोल पॅनेलच्या 'ईझ ऑफ ॲक्सेस सेंटर'मध्ये 'कीबोर्ड वापरणे सोपे करा' या अर्थाच्या दुव्याखाली मिळतात. तिथे चाचणीसाठी एक रिकामी चौकटही आहे. आकडा बदलला की आधी त्या चौकटीत टाइप करून बघा, मगच 'ॲप्लाय' करा.

विंडोजच्या यादीतला सगळ्यात लहान बाउन्स वेळ ०.५ सेकंद आहे. तोच ठेवा. मोठा आकडा घेतला तर मुद्दाम दोनदा दाबलेली कळही गिळली जाईल. मराठीत याचा त्रास किती होईल हे तुम्ही कोणत्या मांडणीत टाइप करता यावर ठरते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण मांडणीत 'पक्का' लिहिताना क, हलन्त, क अशा कळा येतात. मध्ये हलन्त असल्याने तीच कळ लागोपाठ येत नाही. 'मामा'मध्ये मध्ये काना येतो. अडतात ते 'ममता', 'ननंद', 'ससा' असे मोजके शब्द, आणि तिथे दुसऱ्या अक्षराआधी अर्धा सेकंद थांबले की झाले. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण तिथे दीर्घ स्वरासाठी ए-ए, ई-ई, ओ-ओ असे तेच अक्षर लागोपाठ दाबावे लागते. तुमच्या साधनात दीर्घ 'आ'साठी शिफ्टसह ए चालत असेल तर तो मार्ग घ्या. नाहीतर बाउन्स कीज आणि रोमन टायपिंग यांचे जमत नाही, आणि अशा वेळी इनस्क्रिप्ट शिकणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

बॅकस्पेस आणि बाणांच्या कळांनाही हाच नियम लागतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बॅकस्पेस भराभर तीनदा दाबला आणि एकच अक्षर पुसले गेले, की वाटते कीबोर्ड बिघडला. तो बिघडलेला नसतो, सेटिंग आपले काम करत असते.

शेजारची कळ घासली जात असेल तर बाउन्स कीजचा काडीचा उपयोग नाही. तिथे स्लो कीज लागते. कळ ठरावीक वेळ दाबून धरली तरच अक्षर उमटते, निसटता स्पर्श मोजलाच जात नाही. नेहमीच्या टायपिंगमध्ये कळ साधारण ०.१ सेकंद दाबलेली असते, आणि घासून गेलेली कळ बहुधा त्याहून कमी. म्हणजे थोडीशी चाळणी लावली तरी पुरते. विंडोजमध्ये हा वेळ मुळात १ सेकंद ठेवलेला असतो, आणि स्लो कीज वापरून सोडून देणाऱ्यांच्या वैतागाचे मूळ इथेच आहे. हिशेब करून बघा. १५० शब्दांच्या उताऱ्यात साधारण १००० कळा दाबल्या जातात असे धरा. प्रत्येक कळ १ सेकंद धरायची म्हणजे नेहमीपेक्षा प्रत्येकी ०.९ सेकंद जादा, एकूण १५ मिनिटे. तोच आकडा ०.३ केला तर जादा वेळ ३ मिनिटे २० सेकंदांवर येतो. म्हणून ०.३ पासून सुरुवात करा, दोन दिवस वापरा, आणि घासलेली अक्षरे तरीही येत असतील तरच ०.५ वर जा.

कळ दाबल्यावर आणि ती स्वीकारल्यावर आवाज करण्याचा पर्याय सोबत आहे, तो चालू ठेवा. दुसरा आवाज आला की बोट उचलायचे, अशी सवय चारेक दिवसांत लागते. आवाज नसेल तर बोट किती वेळ धरायचे याचा अंदाज येत नाही, मग ते गरजेपेक्षा जास्त वेळ राहते आणि पुन्हा रांगेने अक्षरे येऊ लागतात. म्हणून स्लो कीजसोबत रिपीट डिले लांब ठेवणे हे ओघानेच आले.

विंडोजमध्ये बाउन्स कीज आणि स्लो कीज एकाच वेळी चालत नाहीत, दोन्हींतून एक निवडावी लागते. तुमच्या उताऱ्यातल्या चुकांची मोजणी इथे कामी येते: दुहेरी अक्षरे जास्त असतील तर बाउन्स, घुसलेली शेजारची अक्षरे जास्त असतील तर स्लो. दोन्ही सारखीच असतील तर स्लो कीज घ्या, कारण कंपाने झालेला दुसरा आघातही बहुधा क्षणिक असतो आणि तोही त्याच चाळणीत अडकतो. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवर हे बंधन नाही. तिथे सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या 'टायपिंग' भागात स्टिकी, स्लो आणि बाउन्स तिन्ही स्वतंत्रपणे चालू करता येतात. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीच्या 'कीबोर्ड' पानावर स्टिकी आणि स्लो कीज आहेत.

आता शिफ्टकडे येऊ. मराठी टायपिंगसाठी मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत शिफ्ट हुकला तर मोठे अक्षर लहान होते, शब्द तोच राहतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट हुकला तर अक्षरच बदलते, कारण ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ळ, ण, श हे सगळे शिफ्टवर आहेत. 'पाणी'चे 'पामी' झाले तर निदान दिसते तरी. पण 'बाळ'चे 'बाल', 'भाग'चे 'बाग', 'झाड'चे 'जाड', 'धार'चे 'दार', 'साथ'चे 'सात', 'शाल'चे 'साल', 'फार'चे 'पार' होते, आणि हे सगळे खरे शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस एकाही शब्दाखाली लाल रेघ मारत नाही. उलट शिफ्ट सोडायला उशीर झाला तर पुढच्या काना-मात्रेच्या जागी पूर्ण स्वर येतो आणि 'भाग'चे 'भआग' होते.

स्टिकी कीज या दोन्ही चुका मुळातून काढते. शिफ्ट दाबायचा, सोडायचा, मग अक्षर दाबायचे. शिफ्टचा परिणाम फक्त पुढच्या एका कळेवर होतो आणि आपोआप संपतो, त्यामुळे हुकणे नाही आणि लांबणेही नाही. एका हाताने टाइप करणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतरच नाही. शिफ्टवर असलेली ज्ञ, त्र, क्ष, श्र ही अक्षरे इनस्क्रिप्टमध्ये ५, ६, ७, ८ या आकड्यांच्या कळांवर आहेत, आणि तिथे एका हाताची बोटे पोचत नाहीत. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबला की स्टिकी कीजची विचारणा येते, किंवा ॲक्सेसिबिलिटीच्या 'कीबोर्ड' पानावरून ती थेट चालू करता येते.

तिच्या उपपर्यायांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मूळ सोयीपेक्षा तेच जास्त घोटाळे करतात. एक पर्याय असा आहे की दोन कळा एकदम दाबल्या गेल्या तर स्टिकी कीज बंद व्हावी. घरात किंवा कार्यालयात संगणक अनेकजण वापरत असतील तर तो सोयीचा असतो. पण कंप असलेल्या हाताने दोन कळा चुकूनच एकदम दाबल्या जातात, सोय गुपचूप बंद होते आणि पुढचा परिच्छेदभर शिफ्ट हुकत राहतो. संगणक तुमच्या एकट्याचा असेल तर हा पर्याय काढून टाका.

दुसरा पर्याय म्हणजे तीच कळ दोनदा दाबल्यावर ती अडकवून ठेवणे. शिफ्ट दोनदा दाबला की तो दाबलेलाच राहतो आणि तिसऱ्यांदा दाबल्यावर सुटतो. बाणांनी मजकूर निवडताना हे फार कामाचे आहे. पण कंट्रोल असा नकळत अडकला तर धोका मोठा आहे: ए दाबला की सगळा मजकूर निवडला जातो, डब्ल्यू दाबला की खिडकी बंद होते. कंपामुळे शिफ्ट किंवा कंट्रोल वारंवार दोनदा दाबला जात असेल तर हे अडकवणे बंदच ठेवा. कळ अडकताना येणारा आवाज चालू ठेवा, आणि मजकुराऐवजी भलतेच काही घडू लागले तर आधी हात थांबवा, अडकलेली कळ एकदा दाबून सोडवा, मग कंट्रोल आणि झेडने मागे या. हात न थांबवता सुधारायला गेलात तर नुकसान वाढत जाते.

कॅप्स लॉक आणि नम लॉकसाठी टॉगल कीज आहे. नम लॉक ५ सेकंद दाबून धरून ती चालू करता येते, आणि मग या कळा चालू झाल्या की चढा आणि बंद झाल्या की उतरता सूर वाजतो. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, तिथे हा सूरच सांगतो की काहीतरी चुकून दाबले गेले. कॅप्स लॉक कधी लागतच नसेल तर मॅकवर 'मॉडिफायर कीज'मध्ये जाऊन तो निकामीच करता येतो.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्यांचा एक वेगळा त्रास आहे. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकदम दाबला गेला की टायपिंगची भाषा बदलते. कंपामुळे हे नकळत होते आणि अर्धी ओळ भलत्याच लिपीत उमटते. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' असे जाऊन भाषाबदलाच्या हॉट कीज उघडा आणि हा कळजोड 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेस हा जोड शिल्लक राहतो. तो चुकून दाबला जाणे त्यामानाने कठीण.

लॅपटॉपवर मनगट टचपॅडला लागून कर्सर उडी मारतो आणि पुढचे शब्द भलत्याच ओळीत जातात. ही चूक कीबोर्डच्या कुठल्याच सेटिंगने जाणार नाही. टचपॅडची संवेदनशीलता कमी करा, आणि माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील असा पर्याय निवडा. सोबत ॲक्सेसिबिलिटीतल्या 'टेक्स्ट कर्सर'मध्ये जाऊन कर्सरची जाडी वाढवा आणि त्याच्या वर-खाली रंगीत खूण चालू करा. कर्सर कुठे आहे ते नजरेच्या कोपऱ्यातूनही कळत राहते.

'बाळ' आणि 'बाल' यांतला फरक ऐकू येतो, म्हणून टाइप केलेले शब्द संगणकाकडून बोलवून घेणे हा दृष्टी चांगली असलेल्यांसाठीही उत्तम उपाय आहे. विंडोजमधल्या नॅरेटर या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (स्क्रीन रीडरमध्ये) तशी सोय आहे. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि ३ दाबल्यावर टाइप केलेला प्रत्येक शब्द उच्चारला जातो, आणि इन्सर्ट आणि २ ने प्रत्येक अक्षर. दोन्ही चालू ठेवू नका, गोंधळ होतो. शब्दच पुरेत. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजाला मराठी येते. त्याचा उच्चार यांत्रिक वाटतो, पण ल आणि ळ वेगळे ऐकायला तो पुरतो.

आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीच्या 'टच' भागात 'टच अकोमोडेशन्स' आहे. त्यातली 'होल्ड ड्युरेशन' म्हणजे पडद्यावरची स्लो कीज आणि 'इग्नोर रिपीट' म्हणजे बाउन्स कीज. सॅमसंगच्या फोनांत हीच दोन कामे 'टॅप ड्युरेशन' आणि 'इग्नोर रिपीटेड टचेस' या नावांनी सापडतात. आकडे ठरवण्याची रीत वर सांगितली तीच.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि निदान दोन दिवस ते वापरा. मग तोच १५० शब्दांचा उतारा पुन्हा टाइप करून चुका मोजा. ज्या प्रकारासाठी ते सेटिंग लावले त्या प्रकारच्या चुका कमी झाल्या नसतील तर ते काढून टाका, 'असू दे' म्हणून ठेवू नका.

कधी अचानक कीबोर्ड काहीच घेईनासा झाला, किंवा कळ बराच वेळ धरल्याशिवाय अक्षर येईनासे झाले, तर उजवा शिफ्ट ८ सेकंद दाबला गेला होता का ते आठवा. फिल्टर कीज चालू करण्याचा तो कळमार्ग आहे, आणि विचार करताना बोट शिफ्टवर टेकून राहिले की तो नकळत लागू होऊ शकतो. पुन्हा ८ सेकंद दाबला की सोय बंद होते. फिल्टर कीज वापरायची नसेल तर तिच्या पानावर जाऊन हा कळमार्गच बंद करा. आणि पासवर्ड टाकायच्या पडद्यावर यातली एखादी सोय लागली, तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हावर टिचकी मारा. स्टिकी कीज, फिल्टर कीज आणि पडद्यावरचा कीबोर्ड हे तिन्ही लॉगिन करण्याआधीच तिथून चालू करता येतात.